आगीवरचं चालते

जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या फाटकाबाहेर जी वस्ती वाढत गेली, तिच्यात भैय्यालालचं घर कोणाला विचारावं लागत नाही. अंगणात लोखंडी घोडीवर कमरेएवढं हिरवंगार अंडं बसलेलं दिसतं. वस्तीतली पोरं त्याला डायनासोरचं अंडं म्हणतात. ते चिनी मातीचं आहे, त्यात कोळसा पेटवतात आणि झाकण लावून रांधतात, असं सांगितलं की नवा माणूस हसतो. हसू द्या. भैय्यालालने ते हौसेसाठी आणलंच नव्हतं. बायकोला खोटं पाडायला आणलं होतं.

भैय्यालाल आगीचा माणूस. फॅक्टरीत लागला तो बॉयलरवर आणि रिटायर झाला तोही बॉयलरवरूनच. मधे प्रमोशनं आली, ती आजूबाजूच्यांना आली. वाफेचा नुसता आवाज ऐकून हा माणूस दाब सांगायचा आणि काटा बघणारा साहेब मान डोलवायचा. बाप पवनीकडच्या एका गावात लोकांच्या बांध्यांत धान रोवून मेला. त्याच्या पोराला केंद्र सरकारची नोकरी, फॅक्टरीची बस, क्वार्टर. त्यामुळे नोकरीबद्दल वाकडा शब्द भैय्यालाल ऐकून घेत नसे. आणि नोकरीतल्या दोस्तांबद्दल तर अजिबातच नाही.

दोस्त म्हणजे बॉयलरवरची टोळी. वासुदेवराव त्यांचा सुपरवायझर, बोलण्यात लोणी. सोमाजी फिटर, अड्याळच्या अलीकडे तलावाखाली त्याची धानाची शेती, नोकरीत असतानाही अर्धा जीव तिकडेच. धर्मेंद्र सगळ्यांत लहान, त्याची नोकरी अजून चालू, तोंडाला दार नाही. दरसाल धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपला की सोमाजीच्या शेतावर टोळीची पार्टी. आणि त्या पार्टीत आग भैय्यालालची. तो पोचल्याशिवाय कोणी काडी ओढत नसे. ओल्या लाकडाचाही तो इस्तो, लालभडक निखारा, करून दाखवायचा. तलावातून नुकती काढलेली मच्छी इस्त्यावर भाजून एकेकाच्या हातावर ठेवायचा आणि सगळे फू फू करत, बोटं चाटत खायचे. "आग म्हणजे भैय्यालालची!" वासुदेवराव दरसाल म्हणायचा. मग हंडीचं झाकण काढून मटणात पळी फिरवायचा. पळी त्याची.

भैय्यालाल हे कौतुक घरी आणायचा, दुसरे लोक मिठाईचा डबा आणतात तसं. पार्वताबाई ऐकून घ्यायची. रिटायर झाल्यावर, स्वतःच्या घरात आल्यावर, एका सकाळी तांदूळ पाखडता पाखडता तिने विचारलं, "काय जी, त्याहीनं तुमाले कधी मीठ टाकाले सांगतलं का?"

"ते काम वासुदेवरावचं."

"कांदा चिराले?"

"ते धर्मेंद्र करते. काहून?"

"काही नाही. आपल्या घरी कोण जेवलं त्यातलं, तेवढं आठवून पाहा."

"क्वार्टरात जागा कुठं होती वो?"

"अंगण तं होतं."

भैय्यालालने चहाची कपबशी अशी आपटली की कपाचा कान तुटावा. तुम्हा बायांचं डोकंच तसं, जगभर कुठं काही राहिलं नाही आणि तुम्ही घरात बसून शोधून काढता, असं बरंच बोलला. पार्वताबाई पाखडत राहिली. तिची हीच खोड वाईट. ती भांडत नाही. म्हणते आणि सोडून देते, आणि मग ते माणसाच्या अंगात कुसळासारखं फिरत राहतं.

पोरगी खुशबू नागपूरला दवाखान्यात एक्स-रे काढते. बाप रिटायर होऊन घरात चिडचिड करतो म्हणून तिने त्याला फोनवर ही मातीची भट्टी दाखवली. भैय्यालालने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. रविवारी पोरीला म्हणाला, "चाल, दुकान दाखव."

दुकानात दोन जाती होत्या. एक पत्र्याची, ड्रम आडवा कापल्यासारखी, चाकं लावलेली, हलकी. दुसरी ही, मातीची. भैय्यालालने पत्र्याच्या भट्टीवर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. "हे वारा आला का थंडी, ऊन आलं का गरम. हे काय आग धरन?" मग मातीच्या भट्टीकडे गेला. काठावर अंगठा ठेवून भिंतीची जाडी पाहिली. खालची हवेची खिडकी सरकवली, वरची टोपी फिरवली. खिशातल्या बसच्या तिकिटाचा चिटोरा काठावर ठेवून झाकण बसवलं आणि ओढून पाहिला. चिटोरा अडकून फाटला. चौफेर तसंच केलं. झाकण कुठेच सैल नव्हतं. खुशबू हसायला लागली, "बाबा, बॉयलर नाही घेऊन राहिले तुम्ही."

"हे बॉयलरच होय," तो म्हणाला.

दुकानदार नागपुरी हिंदीतला. आधी कंटाळल्यासारखा बोलत होता, मग ग्राहकाला कळतं असं दिसल्यावर खुलला. "अंकल, बाकी भट्टी में एक आदमी आग देखेगा, दूसरा पकाएगा. इसमें नहीं होता. जो आग संभालेगा वही पकाएगा. बीच में किसी ने ढक्कन खोला तो खेल खतम."

भैय्यालाल दुकानदाराकडे बघतच राहिला. त्याच्या डोक्यात एकदम झालं, हेच तर पाहिजे! आग एकाची आणि पळी दुसऱ्याची, ही भानगडच नाही. ज्याची आग त्याचंच मटण. खातील किंवा नाही खाणार. खातीलच. मग विचारू बाईला.

"लहान घ्या," खुशबू म्हणाली, "तुम्ही अन् आई, दोघं तं आहा."

"मोठी घ्यायची. दहा माणसाची."

"कोण दहा माणसं?"

"येतात," भैय्यालाल म्हणाला.

भट्टी आली ती छोटा हत्ती टेम्पोतून, आणि चार जणांनी उतरवली. पहिल्याच दिवशी आगीच्या माणसाची आगीने फजिती केली. बॉयलरच्या सवयीने त्याने कोळसा ठासून भरला आणि खालची-वरची हवा पुरती उघडली. झाकणावरचा उष्णतेचा काटा चढला. चढतच गेला. त्याने हवा आवळली, काटा हलेना. लोखंडाला आवर घातला की ते ऐकतं. माती एकदा तापली की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आतली कोंबडी बाहेरून डांबर आणि हाडाशी कच्ची. वर घाईत झाकण फाडकन उघडलं तर आतून जाळाचा लोट आला आणि भैय्यालालची एक भुवई गेली.

"आग म्हणजे भैय्यालालची," पार्वताबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. त्यालाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी दोघं एका गोष्टीवर हसले.

मग तो शिकला. रॉकेल नाही, कागद नाही. इस्त्रीवाल्याकडून बाभळीचा गोटा कोळसा आणायचा, चुरा चाळून टाकायचा, मधोमध एकाच ठिकाणी पेटवायचा. काटा वर चढत असतानाच, अर्ध्या वाटेवर, हवा आवळायची. झाकण आधी दोन बोटं उचलून आतल्या आगीला श्वास घेऊ द्यायचा आणि मगच उघडायचं. मांस थेट जाळावर नाही, मधे मातीची थाळी. वांगी झाली, मरळ मच्छी झाली, कोंबडी झाली. शेवटी बोकडाची अख्खी मांडी, सकाळी घातलेली दुपारी काढली, तर हाड हाताने ओढलं आणि मांसातून नुसतं निसटून आलं. पार्वताबाईने घास घेतला आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे पास.

त्याच दिवशी त्याने टोळीला फोन लावले. रविवारी, दुपारी, माझ्या घरी.

"येतो ना बे!" वासुदेवराव. "तुया अंड्याची लय तारीफ आयकली."

रविवारी भैय्यालाल अंधार असतानाच उठला. मसाला आदल्या रात्रीच चोळून ठेवला होता: खोबरं, खसखस, लसूण, पार्वताबाईने पाट्यावर वाटलेलं. मीठ त्याने स्वतःच्या हाताने टाकलं. आतमधे पार्वताबाईने चिन्नोरचा भात मांडला. तिच्या माहेरच्या बांधीतला तांदूळ, पाहुण्यांसाठी डब्यात तळाशी राखलेला. हाडांचा रस्सा केला. झाकण काढलं तेव्हा चिन्नोरचा वास अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत गेला. घासलेल्या स्टीलच्या ताटांची थप्पी तिने ओसरीवर आणून ठेवली. भैय्यालाल म्हणाला, कागदी प्लेटी आणू का. ती म्हणाली, "आपल्या घरचे पाहुणे कागदावर जेवतीन?"

आले. वासुदेवरावच्या गाडीतून तिघे. मांडवाखाली खुर्च्या होत्या, तिथे बसले. आत चला, घर पाहा, म्हटलं तर वासुदेवराव म्हणाला, "इथंच मस्त हवा आहे." ओसरीच्या दारातून बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो दिसत होता. धर्मेंद्रने बसल्या जागेवरून डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "घर झकास बांधलं भाऊ." पाणी पाहुण्यांनी विकतच्या थंड पाण्याच्या कॅनमधून घेतलं. सगळीकडे घेतात. भैय्यालालला त्यात काही दिसलं नाही, आणि खरं तर दिसायचं त्याच्या मनातच नव्हतं.

त्याने झाकण दोन बोटं उचललं, थांबला, मग उघडलं. वास असा उठला की तिघेही खुर्च्या सोडून भट्टीभोवती आले. मांडी तांबूस-काळी, चरचरत होती.

"माय वो!" सोमाजी म्हणाला.

पार्वताबाईने ताटं पुढे केली. "राहू द्या वहिनी," वासुदेवराव म्हणाला, "पार्टीत ताटं कायले? दे रे भैय्यालाल, असंच दे, हातावर."

आणि त्याने दिलं. हातावर, वर्तमानपत्रावर. फू फू करत, बोटं चाटत खाल्लं. धर्मेंद्रने हाड चोखून चोखून पांढरं केलं. "भाऊ, सावजीवाले पाणी भरतीन तुया घरी!" सोमाजी नुसता मान हलवत होता, त्याच्या डोळ्यांत तिखटाचं पाणी. भैय्यालाल कापत होता, वाढत होता, आणि मधे मधे ओसरीकडे पाहत होता. पार्वताबाई खांबाला टेकून उभी होती. पाहा, असं तो डोळ्यांनी म्हणत होता. मीठ माझं. मसाला तुझा. पाहा.

तिनेही पाहिलं. चेहरा सैल झाला तिचा. खोटी ठरल्याचा आनंद झालेली बाई कधी पाहिली आहे? ती लगबगीने आत गेली आणि भाताचं पातेलं घेऊन आली. एकेक ताट मांडलं, वाफाळता चिन्नोर वाढला, वर रस्सा.

"आता बसा जी सगळे. भात घ्या."

कोणी बसलं नाही.

"नाही वो वहिनी," वासुदेवराव पोटावरून हात फिरवत म्हणाला, "पोट टम्म झालं."

"मायं तं आज दुपारी भात बंद आहे," धर्मेंद्र म्हणाला, "शुगर सांगतली डॉक्टरनं."

हे ऐकायला गंमत वाटेल, पण भंडाऱ्याच्या माणसाला सांगा. इथला माणूस लग्नात पाच पक्वान्नं खाऊन घरी येतो आणि बायकोला विचारतो, भात आहे का. मटण कितीही खा, भात पडल्याशिवाय याला जेवलो म्हणायची लाज वाटते. हीच माणसं सोमाजीच्या शेतावर भाताचा डोंगर करत आणि त्यात रश्शाचं तळं. भैय्यालालने हे सारी नोकरीभर पाहिलं होतं.

"थोडा घ्या," तो म्हणाला. "चिन्नोर आहे."

"कायले आग्रह करून राहिला गा," वासुदेवराव. "मटन खाल्लं ना आम्ही पोटभर?"

आणि धर्मेंद्र, ज्याच्या तोंडाला दार नाही, तो हसत, अगदी समजूत काढल्यासारखा म्हणाला, "भाऊ, मनाले नको लावू. माया मायनं निघतानाच सांगतलं होतं, भट्टीवरचं खाजो, घरातलं शिजलेलं नको खाजो. जुनी बुडी आहे, ऐकाव लागते. आगीवरचं चालते ना! आगीले काही लागत नाही."

"चूप बे," वासुदेवराव म्हणाला. पण चूक झाली म्हणून नाही. उघड बोलला म्हणून.

भैय्यालालच्या हातात सुरी होती. ती त्याने भट्टीच्या फळीवर ठेवली. आगीले काही लागत नाही. म्हणून आग त्याची. सारी नोकरीभर, दरसाल, ओल्या लाकडात फुंकर मारून डोळे लाल केले, ते म्हणून. इस्त्यावरची मच्छी त्याच्या हातून चालत होती आणि हंडीची पळी चालत नव्हती, ते म्हणून. कोणी कधी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. कामं वाटताना सगळं बोलून झालं होतं, आणि हा मूर्ख ते कौतुक समजून घरी आणत होता. आणि आता स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने, त्याने असं यंत्र आणून मांडलं होतं की त्यांना आत न येता, ताटाला न शिवता, त्याच्या घरी जेवल्याचं पुण्यही मिळावं!

"सोमाजी," तो म्हणाला. बाकीच्या दोघांकडे त्याने पाहिलंच नाही. "तू बस. एक घास खा."

सोमाजीच्या बायकोच्या बाळंतपणात भैय्यालालने रक्त दिलं होतं. ते रक्त चाललं होतं. सोमाजी ताटाकडे पाहत राहिला. ताटातली वाफ विरत चालली होती. तो अर्धा वाकलासुद्धा. पार्वताबाईने पाट पुढे सरकवला.

"सोमाजी," वासुदेवराव चप्पल घालत म्हणाला, "माया गाडीत येतं का बसनं येतं?"

एवढंच. आवाजात लोणी. सोमाजी सरळ झाला. "सुंदरबाई वाट पाहत असन," तो पुटपुटला, बायकोचं नाव पुढे करून. आणि गेला.

"भात खाऊन जा बे!" भैय्यालाल फाटकातून ओरडला. सारी वस्ती बाहेर आली. "आग खाल्ली ना माही? भात खाऊन जा! शुगर काय फक्त माया अंगणात वाढते का?" गाडी वळली. काचा चढलेल्या होत्या.

पार्वताबाई ताटं उचलत होती. ती 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. वाढलेला भात तिने वस्तीतल्या घरांत दिला. भैय्यालाल त्या दिवशी जेवला नाही. भट्टीच्या दोन्ही हवा बंद करून बसला, तरी संध्याकाळपर्यंत माती गरमच होती.

पुढे चुरणा आटोपला. सोमाजीचा फोन आला. "ये ना गा. तुयाबिगर आग नाही पेटत."

"भात कोण रांधते?" भैय्यालालने विचारलं.

सोमाजी म्हणाला, "तुले तं माहीत आहे, मी एकटा काय करू?"

"काही नको करू. आगीले दुसरा पाहा."

त्यांनी पाहिला. मिळायला वेळ लागला नाही. पार्टीच्या दिवशी सकाळी भैय्यालालच्याच वस्तीतला संघपाल मोटारसायकल घेऊन फाटकात उभा. नात्याने पुतण्या, फॅक्टरीत नुकताच पर्मनंट झालेला, अंगात नवं जाकीट.

"मोठेबाबा, भट्टी देता का? सोमाजीकाकाच्या शेतावर न्यायची आहे, गाडी सांगतली आहे मी. वासुदेवराव साहेबानं आगीचं काम मले देलं. म्हणे, आग तुया हातची पाहिजे." तो फुलून आला होता. भैय्यालालला त्याच्याकडे पाहवेना.

"का माहीत आहे?" त्याने विचारलं. "आग तुलेच काहून?"

"तुमचा पुतण्या म्हणून."

भैय्यालाल आत गेला. पार्वताबाईला काही न विचारता डब्यातला चिन्नोर पायलीने मोजून पिशवीत ओतला आणि पिशवी आणून भट्टीच्या फळीवर ठेवली.

"ने भट्टी. कोळसाही ने. एकच अट आहे. हा तांदूळ तू रांधायचा, तुया हातानं, अन् सगळ्याहीच्या मधात नेऊन ठेवायचा. मंग मले येऊन सांग, कोणं खाल्ला."

संघपाल हसायला गेला. हसू अर्ध्यात राहिलं. तो पिशवीकडे पाहत होता. त्याला समजावून सांगावं लागलं नाही, त्याने काय, कसा, कशाला, काही विचारलं नाही. त्याला सगळं ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे.

"आता कुठं पर्मनंट झालो मोठेबाबा," तो खाली पाहत म्हणाला.

"मी काय म्हटलं मंग? भट्टी ने म्हटलं ना?"

संघपालने पिशवीला हात न लावता किक मारली. गाडी लगेच लागली नाही, परत मारली.

"राहू द्या भट्टी," तो म्हणाला. "शेतात लाकडं आहेत."